मासा असतो तेव्हा भाव नसतो

मित्रांनो, होस्टेलवर राहणाऱ्या माणसाला हवामान बदल पहिल्यांदा कुठे भेटतो? पेपरात नाही. पर्यावरणाच्या पुस्तकात तर नाहीच नाही, कारण ते आपण परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो. तो भेटतो मेसच्या ताटात.

एका वर्षीची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये, ऐन सबमिशनच्या धांदलीत, मेसमध्ये आठवड्यातून तीन-तीनदा मच्छी मिळू लागली. मासे लहान, काटे जास्त, पण रस्सा झणझणीत. सगळे खूश. जुलैत नवं सेमिस्टर सुरू झालं आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं, "आज मच्छीऐवजी अंडाकरी." पुढच्या बुधवारी तेच, त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. शेवटी आम्ही मेसवाल्या काकांना घेरलं. काका म्हणाले, "अरे बाबांनो, मे महिन्यात धरणावरची माणसं मासा घ्या, मासा घ्या म्हणून माझ्या मागं लागली होती. आता मीच त्यांच्या मागं लागलोय, तर त्यांच्याकडं मासा नाही. जो थोडा येतोय त्याचा भाव ऐकलात तर मेसचं बिल भरणार नाही तुम्ही."

आम्हाला वाटलं, व्यापाऱ्यांची साठेबाजी असणार. पण मासा म्हणजे काही कांदा नव्हे, चाळीत भरून ठेवायला. बर्फ नसेल तर उन्हाळ्यात दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. मग दोन महिन्यांत तोच मासा आधी स्वस्त आणि मग महाग का झाला? हे शोधता शोधता जे हाती लागलं, ते या लेखात मांडतो. थोडं थर्मोडायनॅमिक्स आहे, थोडं अर्थशास्त्र आहे. घाबरू नका, वायवा घेणार नाही.

आपलं पाणी कुठलं?

खंडाळा म्हटलं की बाहेरच्यांना लोणावळ्याजवळचा घाट आठवतो. आपला खंडाळा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा. सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्याकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे आपण डोंगराच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत बसलेलो.

तालुक्याच्या उत्तर अंगाला नीरा नदी आणि तिच्यावर वीर धरण. या धरणात येणारं पाणी मुख्यतः भोरकडच्या डोंगरातलं, भाटघर आणि नीरा देवघर धरणांतून खाली आलेलं. वीरपासून नीरेचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे निघतात. डावा पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जातो आणि उजवा आपल्या लोणंदच्या बाजूनं फलटण, माळशिरसकडे. धरण बांधलं ते उसासाठी, ज्वारीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. मासा हा तिथला भाडेकरू. कालव्याचं आवर्तन सोडताना "माशाला किती पाणी लागेल?" असं कुणी विचारत नाही.

या पाण्यात कटला, रोहू, मृगळ, चिलापी, मरळ, वाम असे मासे मिळतात. जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिले जातात. पावसाळ्यात बोटुकली सोडायची आणि पुढचे आठ-दहा महिने ती वाढायची वाट बघायची. ठेक्याची रक्कम, बीज, होडी, जाळी, सगळा खर्च आधी. उत्पन्न शेवटी. शेततळ्यात मासे पाळणाऱ्याचंही तसंच, वर त्याला रोजच्या खाद्याचा खर्च.

पाणी कमी पडतं तेव्हा

ऑगस्ट २०२३ हा देशभरात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपला खंडाळा होता, शेजारचा वाई होता, आणि नीरेच्या पलीकडचे पुरंदर, बारामती, इंदापूरही होते. खाली भीमेवरचं उजनी धरण, म्हणजे भिगवणच्या प्रसिद्ध मासळी बाजाराचा आधार. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं. उणे म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्यातला खटाटोप! आणि तेच उजनी ऑगस्ट २०२४ मध्ये काठोकाठ भरलं. दोन-अडीच महिन्यांत इकडचं टोक ते तिकडचं टोक.

आता एका वर्षाचा दुष्काळ म्हणजे हवामान बदल नव्हे, हे आपल्या सरांनी दहादा सांगितलंय. दुष्काळ पूर्वीही पडायचे, १९७२ चा तर आपल्या आजी-आजोबांनी खडी फोडून काढला. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकीकडे लांबलेले कोरडे खंड, दुसरीकडे एका दिवसात महिन्याचा पाऊस. सरासरी तीच दिसते, पण सरासरीत मासा जगत नाही. तो आजच्या पाण्यात जगतो.

ऑक्सिजनचा ताळेबंद

पाणी आटलं की जागा कमी होते, हे सरळ आहे. पण खरी गोम वेगळीच आहे. केमिस्ट्रीत आपण शिकलो की तापमान वाढलं की वायू पाण्यात कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. २५ अंशांना ८.३. ३० अंशांना ७.६. ३५ अंशांना ७ च्याही किंचित खाली.

तुम्ही म्हणाल, ९.१ वरून ७.६, सतराच टक्के घट, त्यात काय एवढं? थांबा. मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं आणि त्याचा श्वास वाढतो. ढोबळ नियम असा, की १० अंश वाढले की ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट. म्हणजे पुरवठा सतरा टक्क्यांनी कमी आणि मागणी शंभर टक्क्यांनी जास्त. एखाद्या होस्टेलमध्ये पाण्याची टाकी थोडी लहान केली आणि मुलं दुप्पट भरली, तर सकाळी नळाशी काय होईल, तेच तळ्यात होतं.

कार्प जातीच्या माशांना लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असला की बरं वाटतं. ३ च्या खाली गेला की ते खाणं सोडतात, वाढ थांबते, रोग धरतात. त्यात रात्रीचा हिशोब वेगळा. दिवसा शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन बनवतं. रात्री तेच शेवाळ माशांबरोबर ऑक्सिजन ओढतं. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन सर्वात कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. मासेवाल्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. पहाटे मासे वर येऊन आ वासायला लागले, की ते समजतात, आज काही खरं नाही.

दुसरा शत्रू अमोनिया. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून तो येतो. त्यातला जो भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो, तो विषारी. पीएच ८ असेल तर २० अंशांना हा भाग ४ टक्क्यांच्या आत असतो, ३० अंशांना साडेसात टक्क्यांवर जातो. पाणी आटल्यानं घाण दाट, पाणी तापल्यानं विष जास्त. म्हणून उन्हाळ्यात तळ्याचा मालक "थांबू, अजून वाढू दे" असं म्हणायला धजत नाही. थांबला तर एका रात्रीत सगळा माल उलटा तरंगू शकतो.

या सगळ्यात तग धरते ती चिलापी. तिला कमी ऑक्सिजन चालतो, घाण पाणीही चालतं. पण रोहू-कटल्याच्या तुलनेत तिचा भाव कमी. पाणी बिघडत गेलं की जाळ्यात चिलापीचा वाटा वाढतो आणि वजन तेवढंच असलं तरी पैसे कमी येतात.

पाऊस जास्त झाला तर?

तुम्हाला वाटेल, पाऊस धो धो पडला की मासेवाल्यांची चंगळ. तसंही नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या खंडाळ्यात वर्षभरात पडतो साधारण तेवढा, एका दिवसात! ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या तळ्याच्या बांधावरून पाणी गेलं, की मासे नदीला मिळतात. विहिरीत पडलेली वस्तू गळ टाकून काढता येते. पुरात गेलेला मासा परत आणता येत नाही.

पूर आला नाही तरी सलग चार-पाच दिवस आभाळ दाटलेलं असलं, तर शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही. वरून गार पाऊस पडला की वरचं पाणी जड होऊन खाली जातं आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं, कुजकट पाणी वर येतं. म्हणजे मासा फक्त उन्हानं मरतो असं नाही, ढगानंही मरतो.

आणि बीज? रोहू-कटला हे मूळचे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालणारे मासे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतो. त्यामुळे बीज आता हॅचरीत तयार होतं. पण ते सोडायला तळ्यात पाणी तर हवं! पाऊस महिनाभर लांबला की बोटुकली महिनाभर उशिरा पडते, आणि उन्हाळा काही तिच्यासाठी थांबत नाही. आठ महिन्यांची वाढ सात-सहा महिन्यांवर येते. मेसमधले ते लहान, काटेरी मासे आठवले? ते असे.

समुद्राचा मासा आणि आपण

आपण समुद्रापासून लांब, पण भाव लांब नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात गोड्या पाण्याच्या माशावर सगळा भार येतो, शिवाय आखाडात खाणाऱ्यांची गर्दी. श्रावण लागला की मागणी धपकन खाली. हे चक्र जुनंच आहे. आता त्यात वादळांची भर पडली.

२०१९ मध्ये अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा, पवन अशी एकामागून एक चक्रीवादळं आली. होड्या किनाऱ्याला बांधून राहिल्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची सागरी मासळी २०१८ मधल्या २.९५ लाख टनांवरून २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला नीचांक. गंमत म्हणजे देशाचं एकूण उत्पादन त्या वर्षी थोडं वाढलं होतं. म्हणजे आकडा दिल्लीत ठीक दिसतो आणि मार रत्नागिरीला बसतो. पुढे जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते आलंच.

खाद्याचीही एक साखळी आहे. १९७२ मध्ये एल निनोमुळे पेरूच्या किनाऱ्यावरचं पाणी तापलं. आधीच बेसुमार पकडल्या गेलेल्या अँकोव्ही माशाचं उत्पादन कोसळलं. या माशाची कुटी जगभर कोंबड्यांना आणि जनावरांना घातली जायची. ती मिळेना म्हणून सगळे सोयाबीनकडे वळले, सोयाबीन इतकं भडकलं की १९७३ मध्ये अमेरिकेनं काही काळ त्याची निर्यात रोखली. आणि तेच १९७२ साल आपल्या दुष्काळाचं! २०२३ मध्ये पुन्हा एल निनो आला, पेरूनं अँकोव्हीचा पहिला हंगाम रद्द केला, आणि इकडे आपला ऑगस्ट कोरडा गेला. तळ्यात टाकायच्या तरंगत्या खाद्यात सोया पेंड असते, बहुतेक वेळा थोडी मासळीची कुटीही असते. म्हणजे पाणी आटतं त्याच सुमारास खाद्यही महागायची शक्यता. दुष्काळात तेरावा महिना तो हाच.

आता भावाचं गणित

समजा, एका शेतकऱ्याच्या तळ्यात ३००० मासे आहेत. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका.)

चांगलं वर्ष: मासा सरासरी ८०० ग्रॅमचा झाला. एकूण २४०० किलो. तीन-चार टप्प्यांत काढून किलोला १२० रुपयांनी विकला. उत्पन्न २,८८,००० रुपये. खर्च १,६०,०००. हातात राहिले १,२८,०००.

वाईट वर्ष: एप्रिलमध्येच पाणी तळाला. मासा ५०० ग्रॅमचाच. एकूण १५०० किलो. एका आठवड्यात सगळा काढावा लागला. पंचक्रोशीतल्या सगळ्याच तळ्यांची आणि धरणांची तीच गत, त्यामुळे बाजारात मासाच मासा. भाव ८० रुपये. उत्पन्न १,२०,०००. खाद्य कमी लागलं, म्हणून खर्च १,४०,०००. तोटा २०,०००.

नीट बघा. वजन ३७.५ टक्क्यांनी घटलं, भाव ३३ टक्क्यांनी, पण उत्पन्न घटलं ५८ टक्क्यांनी, आणि नफ्याचा झाला तोटा. मग जून-जुलै येतो. समुद्र बंद, तळी रिकामी, आखाड जोरात. भाव समजा १६० झाला. पेपरात बातमी येते, "मासळी कडाडली." वाचणारा म्हणतो, मासेवाल्यांची चांदी आहे. पण ज्यानं मासा वाढवला त्याच्याकडे विकायला मासाच नाही! १६० मिळाले ते ज्याच्याकडे लांबून माल आणायला गाडी आणि बर्फ होता त्याला.

काकांच्या बोलण्याचा अर्थ आम्हाला इथे कळला. मासा असतो तेव्हा भाव नसतो, भाव असतो तेव्हा मासा नसतो. हवामान बदलामुळे मासा "महागतो" असं म्हणणं अर्धवट आहे. भाव आधी पडतो, मग चढतो. पडलेला भाव उत्पादकाच्या वाट्याला आणि चढलेला भाव आपल्या ताटाच्या वाट्याला येतो. दोघांचंही नुकसान, आणि दोघंही एकमेकांवर संशय घेतात.

मग आपण करायचं काय?

पाऊस पाडणं आपल्या हातात नाही. पण वरचं गणित पुन्हा बघितलं तर सगळं दुखणं एका शब्दात आहे: घाई. ज्याला आठवडाभरात सगळा माल काढावा लागतो तो बुडतो. ज्याला एक-दीड महिना थांबता येतं तो तरतो. म्हणजे प्रश्न आहे थांबण्याची ताकद कशी वाढवायची हा. आणि तिथे आपल्यासारख्यांचं काम आहे.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, पाण्यातला ऑक्सिजन आणि तापमान मोजून पहाटे तीन वाजता मोबाईलवर घंटा वाजवणारं साधं यंत्र बनवा. ऑक्सिजन ४ च्या खाली जाताना कळलं तर उपाय करता येतो, मासे तरंगल्यावर कळून उपयोग नाही. सेन्सरवर शेवाळ चढतं, तो दर काही दिवसांनी पुसावा लागतो, हेही डिझाईनमध्ये धरा.

मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, पॅडल व्हील एरेटर पाणी उडवून हवा मिसळतो. पण त्याची गरज पहाटे असते, सौर पॅनेल चालतं दुपारी, आणि शेतीची वीज येते तिच्या वेळेला. हा मेळ कसा घालायचा, हा फायनल इयरला शोभेल असा प्रश्न आहे.

सिव्हिलवाल्यांनो, शेततळ्यातून बाष्पीभवनानं वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उडतं. तीन मीटर खोल तळ्यात हे निम्म्याहून अधिक झालं! तळ्याच्या एका कोपऱ्यात खोल खड्डा ठेवला तर शेवटच्या महिन्यात मासे तिथे गोळा होतात, त्यांना थोडी सवड मिळते.

काही उपाय यंत्राशिवायचे आहेत. आदल्या वर्षीची, दाटीत वाढू न दिलेली मोठी बोटुकली सोडली तर ती पुढे झपाट्यानं वाढते आणि उन्हाळ्याच्या आत विक्रीला येते. मासे एकदम न काढता जानेवारीपासून मोठे निवडून काढत गेलं तर उरलेल्यांना जागा आणि ऑक्सिजन जास्त मिळतो. ढगाळ दिवशी खाद्य थांबवायचं. आणि चार-पाच तळेवाल्यांनी मिळून बर्फाची, थंड पेट्यांची सोय केली तर निदान त्या दिवसाचा पडेल भाव तरी टाळता येतो. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत तळी, पिंजरे, बर्फ कारखाने, शीत वाहतूक यांना मदतीची तरतूद केली गेली. तळेवाल्यांनी अर्ज करताना आपल्यातल्या कुणी प्रकल्प अहवाल लिहून दिला तरी ते मोठं काम होईल. रिपोर्ट लिहायची आपल्याला सवय आहेच, फक्त या वेळी कॉपी-पेस्ट करायचं नाही.

मेसमध्ये एक ठराव आम्ही केला. उन्हाळ्यात मासा स्वस्त झाला की काकांनी घासाघीस करायची नाही. एका ताटामागे दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. माणूस तळं सोडून मजुरीला गेला नाही, तर पुढच्या जुलैत आपल्याला मासा मिळेल. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "ठराव झक्कास आहे. आता आधी मागच्या महिन्याचं बिल भरा."

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी फळ्यावर "मच्छीऐवजी अंडाकरी" दिसलं, तर काकांवर चिडू नका. वीरच्या पाण्यात किती अंश होते, एवढं विचारा.